मिस्त्रींची दहावी चिठ्ठी

मिस्त्रींना इंग्रजी येत नव्हतं असं म्हटलं तर त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांना 'यस', 'नो', 'फोम' आणि 'टुमॉरो' असे चार शब्द येत, आणि त्यातल्या चौथ्या शब्दावर त्यांचं सोफे-खुर्च्या दुरुस्तीचं दुकान सव्वीस वर्षं चाललं होतं.

त्या दुकानाला आता कुलूप लागायची वेळ आली होती. मालकाला इमारत पाडून तिथे मोटारी उभ्या करायच्या होत्या. महिनाअखेरीला जागा मोकळी करून द्या, असं त्यानं हसत हसत सांगितलं होतं, आणि हसत सांगितलेल्या गोष्टीवर माणसाला धड भांडताही येत नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी नवी जागा शोधायची, नवी गिऱ्हाइकं जोडायची, म्हणजे म्हाताऱ्या बैलाला नव्या गाडीला जुंपण्यासारखंच. मिस्त्री सोफ्याचं पोट शिवता शिवता मध्येच थांबायचे, सुई हवेत धरून भिंतीकडे बघत बसायचे.

अशात शहरातल्या जुन्या क्लबाला कायमचा फर्निचर मिस्त्री हवा असल्याचं कळलं. दीडशे खुर्च्या, वीस-बावीस सोफे, डोक्यावर छप्पर, महिन्याच्या महिन्याला पगार. नोकरी कशी, तर पिकलेलं फळ अलगद ओंजळीत पडावं तशी. फक्त त्या फळाला एक बी होती. प्रत्येक वस्तूची अवस्था रजिस्टरात इंग्रजीतून लिहायची. क्लबाच्या चिटणीसबाई दुसरं काही वाचत नसत. तीन आठवड्यांनी परीक्षा. दहा वस्तू दाखवणार, प्रत्येकीवर तिच्या अवस्थेची चिठ्ठी चिकटवायची.

मिस्त्रींची मुलगी शाळेत चौथीच्या वर्गाला इंग्रजी शिकवायची. तिनं बापाची चाचणी घेतली, वही मिटली आणि आईला म्हणाली, "माझ्या वर्गात याहून कच्चे दोघं आहेत."

"मग झालं तर!"

"ते नऊ वर्षांचे आहेत, आई."

पण पोरगी बापासारखीच चिवट. फाटका माल परत पाठवायचा नाही, हे तिच्या रक्तातच होतं. दुसऱ्या दिवशी तिनं मागे गोंद असलेल्या पिवळ्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा आणला आणि मिस्त्रींना जेवणाच्या टेबलापाशी बसवलं.

"बाबा, पूर्ण वाक्याच्या वाटेला जायचंच नाही. मी, तू, काल, उद्या, सगळं सोडा. वस्तूकडे बघा. तिचं काय झालंय ते एका शब्दात म्हणा. मग कशानं, कशाचं, कुठे, कुणी, एवढं शेपूट लावा. खलास." तिनं टेबलावर टकटक केली. "मेड ऑफ वूड. लाकडाचं केलेलं. हा जग? फिल्ड विथ वॉटर. पाण्यानं भरलेला. तो पडदा?"

मिस्त्रींनी पडद्याकडे बघितलं. "फाटलेला. दोन ठिकाणी."

"टॉर्न इन टू प्लेसेस. आलं की तुम्हाला!"

"आणि कुणी फाडला, ते?"

"ते शेवटी, बाय लावून. नाही लावलं तरी चालतं. बहुतेक लोक लावतच नाहीत. मोडलंय एवढं सांगतात, कुणी मोडलं ते गिळून टाकतात."

मिस्त्रींना ही भाषा एकदम घरची वाटली. सव्वीस वर्षांत त्यांच्याकडे आलेल्या एकाही गिऱ्हाइकानं कधी खुर्ची मोडलेली नव्हती. खुर्च्या मोडलेल्याच असायच्या. बसलेलं कुणी नसायचं, नाचलेलं कुणी नसायचं, सोफ्यावर पोरं सोडली होती असं तर मेलं तरी कुणी कबूल करायचं नाही. आपण जन्मभर इंग्रजी लोकांचीच कामं करत होतो की काय, असं त्यांना वाटून गेलं.

आठवड्याभरात घर पिवळं पडलं. पंख्यावर 'कव्हर्ड विथ डस्ट', खिडकीवर 'क्रॅक्ड बाय बॉल', मेव्हण्यानं दिलेल्या घड्याळावर 'स्टॉप्ड सिन्स जून'. मिस्त्री कारागीर माणूस, अर्धवट काम त्यांना खपत नसे. त्यामुळे वस्तूची अवस्था बदलली की ते चिठ्ठीही बदलायचे. दुधाच्या पातेल्यावर 'फिल्ड विथ मिल्क' होतं. दूध संपलं तसं ते अंघोळ अर्धी टाकून धावत आले आणि ओल्या हातानं चिठ्ठी काढली.

"अहो, अंगाला साबण तसाच आहे!" बायको ओरडली.

"असू दे. पातेलं खोटं बोलत होतं."

इथवर सगळं गमतीत चाललं होतं. घोटाळा झाला कपाटाचा. बायकोच्या वडिलांनी लग्नात दिलेलं मोठं कपाट खोलीत उभं होतं. अस्सल शिसवी, असं बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आणि मिस्त्री प्रत्येक वेळी मान डोलवायचे. त्या सकाळी मिस्त्रींनी अभ्यासाच्या भरात कपाटावरही चिठ्ठी लावली. बायकोनं ती मुलीकडून वाचून घेतली.

मुलीनं एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघितलं. "मेड ऑफ प्लायवूड," ती हळूच म्हणाली.

बायको पदराला हात पुसत मिस्त्रींसमोर येऊन उभी राहिली. "कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"आणलं त्या दिवसापासून. दार वाजतंच तसं."

"आणि तेहेतीस वर्षं मान डोलवत होतात?"

"मग काय करू? सासरे समोर उभे होते. नंतर सवय झाली."

"आणि आज इंग्रजीत कंठ फुटला!"

दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी मिस्त्री मुलीला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, इंग्रजीत थोडं झाकून, गोड करून सांगायची काही सोय असेलच ना?"

"भरपूर आहे. पण तो धडा लांब आहे, बाबा. तो परीक्षेनंतर."

"तोवर?"

"तोवर जे झालंय तेच."

दुकानातही तेच. डॉक्टरांच्या दवाखान्यातला बाक दुरुस्त होऊन गेला तो चिठ्ठीसकट. दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः चिठ्ठी बोटात धरून दुकानाच्या पायरीवर हजर. चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'स्क्रॅच्ड बाय पेशंट्स. वेटिंग फॉर डॉक्टर.'

"मिस्त्री, हे काय? अख्खा दवाखाना हसतोय मला!"

"साहेब, ओरखडे नखांचे आहेत," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "माणूस वाट बघून कंटाळला की बाकाचा हात खरवडतो. डाव्या बाजूला जास्त आहेत, कारण उजव्या हातात फाईल असते. जाऊ द्या, मी बुजवलेत."

डॉक्टर आल्या पावली परत गेले. पुढचा आठवडाभर ते वेळेवर दवाखान्यात यायचे, असं कंपाउंडरनं सांगितलं. मिस्त्रींना मात्र एवढंच समाधान की आपलं इंग्रजी डॉक्टरला कळलं.

परीक्षेच्या दिवशी बायकोनं न बोलता इस्त्रीचा शर्ट खुर्चीवर ठेवला. मिस्त्रींनी ओळखलं, कपाटाला माफी मिळाली. निघताना ती एवढंच म्हणाली, "तिथं काय दिसेल ते सगळं लिहू नका हो. नोकरी हवीय आपल्याला."

क्लबाचा दिवाणखाना म्हणजे छत बघताना मान दुखेल इतका उंच. समोर तिघं उभे होते. हातात घड्याळ धरल्यासारखा बोलणारा मॅनेजर. नाकावरच्या चष्म्याला साखळी बांधलेल्या चिटणीसबाई. आणि क्लबाचे अध्यक्ष. अध्यक्ष साठीचे, गोरेगोमटे, बोलताना दर वाक्यानंतर टाळ्यांसाठी जागा सोडणारे. क्लब त्यांच्या आजोबांनी स्थापन केलेला, आणि ही गोष्ट ते कुणाला विसरू देत नसत.

मिस्त्री पहिल्या सोफ्यापाशी गुडघ्यावर बसले, हात खालून फिरवला, नाक लावून वास घेतला आणि चिठ्ठी लिहिली. चिटणीसबाईंनी चष्मा वर करून मोठ्यानं वाचली: "स्टफ्ड विथ ओल्ड मॅट्रेस." मग मॅनेजरकडे वळून, "हा आपण नवीन म्हणून घेतला होता ना?"

मॅनेजरनं छताकडे बघितलं.

दुसरी चिठ्ठी, 'बर्न्ट बाय सिगार'. तिसरी, 'रिपेअर्ड बाय डाँकी'. ही वाचून बाईंच्या ओठांची एक कड वर गेली, आणि बाईंना ओळखणारे सांगतील की हे दिवाळखोराच्या घरी पाहुणचार मिळण्याइतकं दुर्मिळ. चौथी, पाचवी, सहावी. प्रत्येक चिठ्ठीगणिक मॅनेजर बारीक होत गेला आणि बाई तरुण होत गेल्या. नवव्या चिठ्ठीला त्या इंग्रजीतून म्हणाल्या, "व्याकरणाचा पत्ता नाही, पण वीस वर्षांत या दिवाणखान्याबद्दल एवढं खरं कुणी लिहिलेलं नाही." मिस्त्रींना शब्द कळले नाहीत, सूर कळला. छप्पर, पगार, सावली, सगळं एका चिठ्ठीवर येऊन ठेपलं.

"आणि आता दहावी," अध्यक्ष घसा साफ करत म्हणाले. "संस्थापकांची खुर्ची."

दिवाणखान्याच्या टोकाला, एका पायरीच्या चौथऱ्यावर, ती उभी होती. उंच पाठ, सिंहाच्या पंज्यासारखे वाकडे पाय. अध्यक्षांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "शंभर वर्षं. माझ्या आजोबांनी याच खुर्चीत बसून क्लब उभा केला. दर महिन्याच्या सभेत मी यातच बसतो. बसलो की त्यांचा स्पर्श जाणवतो."

मिस्त्री खाली बसले. हात सीटखाली घातला. आणि हात तिथेच थांबला.

खालच्या पट्टीला कापड ठोकलेल्या बारीक चुका होत्या; ओळीनं तीन सरळ, चौथी वाकडी. पुन्हा तीन सरळ, चौथी वाकडी. हा ठोका मिस्त्रींनी आंधळेपणीही ओळखला असता. त्यांच्या डाव्या अंगठ्याला चौथ्या चुकेला दमायची सवय होती, ती अजून गेलेली नव्हती. मागच्या पट्टीत बिजागरीची भोकं मेण आणि भुसा घालून बुजवलेली, कारण ती पट्टी एका जुन्या दाराची होती. दार त्यांनीच कापलं होतं.

बत्तीस वर्षांपूर्वीची दुपार. मिस्त्री तेव्हा उस्तादांच्या हाताखाली होते. काळा चष्मा लावलेला एक तरुण खुर्चीचा फोटो घेऊन आला होता. नाटकात लागणारी खुर्ची आहे, हुबेहूब हवी, परवा हवी. दाराचं लाकूड, मोडक्या पलंगाचे पाय आणि जुनेपणासाठी काळ्या चहाचे सात हात. तरुण हातगाडी घेऊन दारात आला तेव्हा मागचा डावा पाय बसायचा राहिला होता. उस्ताद ओरडले. मिस्त्रींनी सांध्यात नुसता सरस चोपडला, वरून एक बारीक खिळा मारला आणि मनाशी म्हणाले, नाटकापुरतं चालेल.

नाटक बत्तीस वर्षं चाललं होतं.

मिस्त्रींनी डाव्या पायाला हलकेच हात लावला. पाय किंचित हलला, हलणाऱ्या दातासारखा. अध्यक्षांचं वजन त्यांनी सवयीनं नजरेनंच केलं. दोन सभा. फार तर तीन.

कोरी चिठ्ठी हातात होती. 'मेड ऑफ वूड' लिहून मोकळं होता आलं असतं, लाकूड होतंच. बायकोचा शब्द कानात होता, महिनाअखेर डोळ्यासमोर होती. पण खुर्चीखाली गुडघे टेकलेल्या मिस्त्रींना माणूस चौथऱ्यावरून मागच्या मागे कोसळताना दिसत होता, डोकं पायरीच्या कडेवर. आणि झाकून सांगायचा धडा तर अजून झालाच नव्हता. त्यांनी लिहिलं: 'जॉइन्ड इन हरी.' घाईत जोडलेली. पेन थांबलं. इथे सोडलं तरी चाललं असतं. बहुतेक लोक सोडतातच. मिस्त्रींनी पेन पुन्हा टेकवलं आणि एकेक अक्षर कोरत खाली लिहिलं: 'बाय मी.'

बाईंनी हात पुढे केला. पण चिठ्ठी खुर्चीला चिकटली तेव्हा अध्यक्ष जवळ होते. त्यांनी ती वाचली. मग मिस्त्रींच्या तोंडाकडे बघितलं, मग त्यांच्या हातांकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग शर्टाच्या कॉलरमधून खाली उतरला.

"काय लिहिलंय?" बाईंनी विचारलं.

"अक्षर लागत नाही," अध्यक्ष म्हणाले आणि चिठ्ठी खिशात घातली. "मिस्त्री, जरा व्हरांड्यात या."

व्हरांड्यात कुणी नव्हतं. तरी अध्यक्ष कुजबुजत होते. "तुम्हीच का ते? मागे बसून लाकूड घासत होतात?"

"मीच. आणि काळा चष्मा तुमचा."

अध्यक्षांनी खांबाला हात लावला. "खरी खुर्ची मोडली होती."

मिस्त्रींनी पेन खिशात ठेवलं. सव्वीस वर्षांच्या अनुभवानं त्यांना माहीत होतं की इथे थांबलं की गिऱ्हाईक पुढे बोलतं.

"म्हणजे... मी मोडली," अध्यक्ष म्हणाले. "लग्नाआधी. मित्रांसमोर तिच्यावर उभा राहून आजोबांची नक्कल करत होतो." त्यांनी कपाळ पुसलं. "हे बघा, नोकरी तुमची. झालं?"

"साहेब, तो पाय..."

"राहायला मागची खोलीही देतो."

"खोलीचं नंतर बघू. आधी पाय, साहेब."

"दुपारचं जेवण क्लबाच्या स्वयंपाकघरातून!"

"मी डबा आणतो. डावीकडचा, मागचा पाय..."

"अहो, तुम्हाला हवंय तरी काय?" अध्यक्ष जवळजवळ रडकुंडीला आले. "मॅनेजरला काढू?"

"मॅनेजर राहू दे. सोफ्यात जुनी गादी घातलीय, ती मात्र बदलून घ्या." मिस्त्रींना हा माणूस एवढा का घाबरलाय ते कळेना. "साहेब, तुम्ही पुढच्या महिन्यात त्या खुर्चीवरून मागे पडणार. फार तर त्याच्या पुढच्या महिन्यात. पाय मी नीट बसवला नव्हता. उस्ताद ओरडत होते आणि तुम्ही दारात हातगाडी घेऊन उभे होतात. मला तो पाय उघडून परत बसवू द्या. नोकरी द्या किंवा देऊ नका. द्याल तर बरं होईल."

दर वाक्यानंतर टाळ्यांसाठी जागा सोडणारा माणूस प्रथमच रिकामी जागा कशानं भरावी या पेचात होता.

"तुम्ही हे कुणाला सांगणार नाही?"

"विचारलं तर सांगेन. खुर्चीखाली हात घालून कोण विचारतंय?"

आत येऊन अध्यक्षांनी जाहीर केलं की मिस्त्रींना नेमलं आहे. चिटणीसबाईंनी पसंतीची मान हलवली आणि दहाव्या चिठ्ठीचं काय, असं विचारलं. अध्यक्ष म्हणाले, संस्थापकांची खुर्ची रजिस्टरच्या बाहेरची आहे, ती क्लबाच्या भावनेत मोडते. बाईंनी चष्म्यावरून मिस्त्रींकडे एक नजर टाकली. त्या नजरेत बरंच काही होतं, पण बाई चिटणीस होत्या; जे लिहून आलं नाही ते त्या वाचत नसत.

सोमवारी सकाळी, क्लब उघडायच्या आधी, मिस्त्री पिशवी घेऊन आले. अध्यक्ष आधीच हजर होते, दिवाणखान्याला आतून कडी लावून. मॅनेजरला, माळ्याला, झाडूवाल्याला, कुणालाच आत येऊ द्यायचं नव्हतं, म्हणजे हाताखाली माणूस उरला एकच. मिस्त्रींनी खुर्ची आडवी केली, बारीक खिळा उपटला, सांधा कोरडा केला, खोबणीत बसणारी कूस नव्यानं तासली आणि शेगडीवर सरस कढवायला ठेवला. वास सुटला तसं अध्यक्षांनी रुमाल नाकाला लावला.

"रुमाल ठेवा खिशात," मिस्त्री म्हणाले. "दोन्ही हात लागतील. वाकड्या पायाला शिकंजा बसत नाही, हातानंच दाबून धरायचा असतो."

"किती वेळ?"

"धरेपर्यंत. वीस मिनिटं समजा."

मग क्लबाचे अध्यक्ष कोट काढून, बाह्या सारून आपल्या आजोबांच्या दिवाणखान्यात जमिनीवर मांडी घालून बसले आणि त्यांनी पंज्याचा पाय दोन्ही हातांनी छातीशी आवळला. सात मिनिटांनी त्यांचे दंड थरथरायला लागले. नवव्या मिनिटाला नाकाच्या शेंड्यावर माशी येऊन बसली.

"मिस्त्री, जरा..."

"हलू नका, साहेब."

"अहो, माशी..."

"बसू द्या. मागच्या वेळी घाई तुमचीच होती," मिस्त्री म्हणाले आणि सरसाचं भांडं पुसायला लागले, अगदी सावकाश.